पंचाहत्तरचा पिक्चर चकाचक आणि पंच्याण्णवची सिरीयल धुरकट, असं काहून?

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. बाहेर ४५ डिग्री, घरात पडदे ओढलेले, कुलर फुल स्पीडवर, अशा दुपारी नागपुरात माणूस घराबाहेर पडतच नाही, तर मी बाबांना सत्तरच्या दशकातला एक हिंदी पिक्चर ब्लू-रेवर लावून दिला. त्यांनी तो कॉलेजात असताना थेटरात पाहिला होता, मग कॅसेटवर, मग केबलवर कितीतरी वेळा. पाच मिनिटं झाली आणि म्हणाले, "हा परत नवीन काढला का रे? हिरोच्या शर्टाची वीण दिसून राहिली ना!" संध्याकाळी आईची फर्माईश म्हणून तिची नव्वदच्या दशकातली लाडकी सिरीयल लावली, तीसुद्धा दुकानातून विकत आणलेल्या ओरिजिनल डीव्हीडीवरून, आणि ५५ इंची टीव्हीवर ते चेहरे असे की जणू पाण्याखाली बसलेत सगळे. आई म्हणाली, "आपल्या जुन्या टीव्हीवर तर छान दिसायची ही. आणि पिक्चरपेक्षा वीस वर्षांनी नवीन आहे ना, मग असं काहून?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. जुनं म्हणजे धुरकट असं आपल्या डोक्यात बसलंय, पण चित्र किती स्पष्ट दिसेल हे ते किती जुनं आहे यावर ठरत नाही, ते शूट कशावर झालं आणि आपल्या घरी पोचेपर्यंत त्याच्या किती कॉप्या झाल्या यावर ठरतं. एवढी एक गोष्ट समजली की बाकीचं सगळं सोपं आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आईबाबांच्या लग्नाचे फोटो आठवा. अल्बममधला फोटो पिवळा पडला असेल, कोपरा दुमडला असेल, पण निगेटिव्ह जर नीट जपली असेल तर तीच आज चांगल्या स्कॅनरवर टाकली की साडीच्या काठाची नक्षीपण दिसते, कारण ती माहिती निगेटिव्हमध्ये पहिल्यापासून होतीच, तेव्हाच्या छोट्या प्रिंटमध्ये ती मावली नव्हती फक्त. सिनेमाचं तेच आहे. ३५ मिलिमीटरची फिल्म म्हणजे सेकंदाला २४ फोटो काढणारी निगेटिव्हची लांबच लांब पट्टी. तिच्यावर पिक्सेल नसतात, चांदीच्या क्षारांचे बारीक बारीक कण असतात, उजेड पडला की ते बदलतात आणि केमिकलमध्ये धुतल्यावर चित्र उमटतं. म्हणून त्यातून माहिती किती काढायची हे स्कॅनरवर अवलंबून असतं. चांगल्या ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हमध्ये फोर-के, म्हणजे आडवे जवळपास चार हजार ठिपके असलेल्या स्कॅनला पुरेल एवढं डिटेल असतं, म्हणजे पंचाहत्तर साली ज्या कॅमेरामननं फोकस बरोबर लावला त्याची मेहनत तेव्हापासून त्या डब्यात बंद होती, आपल्याकडे ती बघायचं साधन नव्हतं.

आता आईची सिरीयल. ती शूट झाली व्हिडिओ टेपवर. व्हिडिओ कॅमेरा उजेडाचा विजेचा सिग्नल करतो आणि तो सिग्नल चुंबकीय टेपवर जातो, आणि आपल्याकडच्या टीव्हीच्या पॅल पद्धतीत त्या सिग्नलला चित्रासाठी आडव्या ५७६ ओळी मिळतात, बस. ज्या क्षणी रेकॉर्ड झालं त्याच क्षणी मर्यादा पक्की झाली. त्यामागे कुठली निगेटिव्ह नाहीच, जिच्याकडे परत जाता येईल. नंतर टीव्ही कितीही मोठा घ्या, डिस्कवर काहीही छापा, त्या ५७६ ओळींच्या ५७७ होत नाहीत.

दुसरी भानगड म्हणजे टेपवरचं चित्र एकदम पूर्ण येत नाही. सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत, आधी एक सोडून एक अशा अर्ध्या ओळी, मग उरलेल्या अर्ध्या. याला इंटरलेस म्हणतात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चित्र असंच ओळ-ओळ रंगवलं जायचं, त्यामुळे दोघांचं जमायचं. आजचा एलईडी टीव्ही पूर्ण चित्र एकदम दाखवतो, मग त्याला दोन अर्धी चित्रं शिवून एक करावी लागतात, आणि माणूस हलत असेल तर दोन्ही अर्ध्यांत त्याचा हात वेगवेगळ्या जागी असतो, म्हणून कडेला ते कंगव्याच्या दातांसारखं दिसतं. त्यात २१ इंचासाठी बनलेलं चित्र ५५ इंचावर ताणलं, तर दोष दिसणारच. आईची आठवण चुकीची नव्हती, जुन्या टीव्हीवर ती सिरीयल खरंच छान दिसायची.

मग प्रश्न येतो की बाबांचा पिक्चर फिल्मवर होता तर कॅसेटवर इतका वाईट का दिसायचा. इथं कॉप्यांची गोष्ट येते. मी लहान असताना आमच्या मोहल्ल्यात कुणाकडे काही कार्यक्रम असला की व्हीसीआर भाड्यानं यायचा, सोबत कलर टीव्हीपण भाड्यानं, आणि एका रात्रीत तीन पिक्चर, सकाळी आठला मशीन परत, त्यामुळे तिसरा पिक्चर पोट्टे झोपेतच बघायचे. चित्र फाटायला लागलं की एकजण उठून ट्रॅकिंगचं बटण फिरवायचा, त्यानंही नाही झालं तर स्पिरिट लावून टेप वाचणारं हेड पुसायचं. त्या कॅसेटपर्यंत पिक्चर कसा पोचायचा बघा. कॅमेऱ्यातली मूळ निगेटिव्ह, तिच्यापासून एक पॉझिटिव्ह, त्यापासून डुप्लिकेट निगेटिव्ह, त्यापासून थेटरची प्रिंट, कधी कधी थेटरात महिनोन् महिने चालून घासलेली तीच प्रिंट मशीनवर लावून व्हिडिओ टेपवर उतरवायची, त्या मास्टरच्या व्हीएचएस कॅसेटी, आणि सीताबर्डीच्या कॅसेट लायब्ररीवाल्याकडे असायची बहुतेक त्या कॅसेटीची अजून एक कॉपी. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं कशी फुटतात, तसंच हे. शिवाय व्हीएचएसची स्वतःची ताकद आडवं बघितलं तर जेमतेम २४० रेषांची. म्हणजे सहा-सात पायऱ्या उतरून आलेलं चित्र आपण बघत होतो आणि समजत होतो की पिक्चरच असा आहे.

मग आल्या व्हीसीडी. मला त्यांच्याबद्दल माया आहे, कारण आमच्या घरात पिक्चर विकत घ्यायची सुरुवात त्यांच्यापासून झाली, २००७ मध्ये मोझर बेअरनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी काढली तेव्हा लोकांनी पिशव्या भरभरून घेतल्या. पण चित्र म्हणून बघाल तर व्हीसीडीत ३५२ बाय २८८ एवढेच ठिपके. आजच्या फोर-के टीव्हीवर ३८४० बाय २१६०, म्हणजे साधारण ८२ पट. ७४ मिनिटांच्या सीडीत पिक्चर कोंबायचा म्हणजे खूप दाबावा लागायचा, त्यासाठी युक्ती अशी की प्रत्येक फ्रेम पूर्ण ठेवायचीच नाही, मागच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच लिहायचं. दोन माणसं बसून बोलत असतील तर हे मस्त चालतं. पण पावसातलं गाणं आलं, धूर आला, समुद्र आला की फ्रेममधलं सगळंच बदलत असतं, लिहायला जागा पुरत नाही, आणि मग त्या चौकोनी चौकोनी फरशा दिसायला लागतात. डिस्क खराब आहे म्हणून आपण शर्टाला पुसायचो, पण बऱ्याचदा डिस्क ठीकच असायची.

डीव्हीडीनं चित्र चौपट केलं, ७२० बाय ५७६. पण डीव्हीडीतही एक गंमत आहे जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम, पॅल टीव्ही २५. मग काय करायचे, पिक्चर सरळ थोडा जोरात पळवायचे, चार टक्के. अडीच तासाचा पिक्चर १४४ मिनिटांत संपतो. आवाज दुरुस्त केला नसेल तर गाण्याचा सूरही वर चढतो, ज्याचा कान तयार आहे त्याला लगेच कळतं. आपल्याकडे बऱ्याच हिंदी पिक्चरच्या डीव्हीडी अमेरिकन एनटीएससी पद्धतीत यायच्या, तिथं वेग बरोबर राहतो पण २४ चे ३० करायला एक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांत, पुढची तीन अर्ध्या चित्रांत दाखवतात, त्यामुळे कॅमेरा हळूहळू आडवा फिरला की चित्र किंचित अडखळतं. म्हणजे एकाच पिक्चरच्या दोन डीव्हीडी घरात असल्या आणि एक सहा मिनिटं छोटी निघाली, तर सीन कापलाय असं लगेच समजू नका, आधी हा हिशोब करून बघा.

आता खरी मजा, रिस्टोरेशन, म्हणजे खराब झालेला जुना पिक्चर दुरुस्त करून परत मूळसारखा करणं. लोकांना वाटतं की कंप्युटरमध्ये टाकलं, बटण दाबलं, झालं. तसं नाहीये. आधी शोधायचं असतं की जगात या पिक्चरचं सगळ्यात चांगलं साहित्य कुठं शिल्लक आहे. मूळ निगेटिव्ह मिळाली तर उत्तम, पण ती आखडलेली असते, जोड सुटलेले असतात, फिल्म जुनी होऊन व्हिनेगरसारखा वास मारायला लागलेली असते. ते सगळं हातानं दुरुस्त करायचं, धुवायचं, मग एकेक फ्रेम स्कॅन. अडीच तासाच्या पिक्चरमध्ये २ लाख १६ हजार फ्रेम असतात. धूळ, ओरखडे, उडणारं चित्र, हे मशीन पकडतं पण मशीनला पावसाचा थेंब आणि धुळीचा कण यातला फरक नेहमी कळत नाही, म्हणून माणसाला बसून बघावंच लागतं. मग रंग. रंग काय होते हे कुणाला आठवतंय, जुनी प्रिंट आहे का, कॅमेरामन हयात आहे का, हे विचारत विचारत जायचं.

शोलेचंच बघा, कारण घराघरात माहीत असलेला पिक्चर आहे. १५ ऑगस्ट १९७५ ला आला. शूट ३५ मिलिमीटरवर झाला आणि मोठा करून ७० मिलिमीटरच्या प्रिंटा काढल्या. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारून टाकतो, पण आणीबाणीचा काळ, माजी पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घेतलेला सेन्सॉरला चालला नाही, म्हणून पोलीस येतात तो शेवट परत शूट करून लावला. थेटरात पाहिलेल्या पिढीला तोच शेवट माहीत, पण पुढे व्हिडिओवर मूळ शेवटाची आवृत्तीही फिरत होती, त्यामुळे कितीतरी घरांत वाद व्हायचे की अरे गब्बर मरतो, नाही रे अटक होते, आणि दोघंही बरोबर असायचे. जुने पिक्चर जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेनं रिस्टोर करायला घेतला तेव्हा मूळ कॅमेरा निगेटिव्ह फार खराब झालेली होती आणि ७० मिलिमीटरची एकही प्रिंट हाती लागली नाही. शेवटी इंग्लंडमधल्या गोदामात ठेवलेलं मधल्या पायरीचं साहित्य सापडलं, त्यावरून काम झालं, आणि मूळ शेवटासकट पिक्चर २०२५ च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्याला दाखवला गेला. पन्नास वर्षं! ज्या पिक्चरचे डायलॉग पानठेल्यावर ऐकू येतात त्याची ही अवस्था, तर ज्यांचं नावच कुणाला आठवत नाही अशा मराठी पिक्चरांच्या निगेटिव्हचं काय झालं असेल, हा विचार मला खरंच बेचैन करतो. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, पण त्याआधीचं आणि त्याच्याबाहेरचं खूप काही कुणी जपलंच नाही.

आणि जिथं सगळं संपलं असं वाटतं तिथूनही माणसं काढतात. सत्यजित राय यांच्या अपू त्रयीच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला आग लागली त्यात जळाल्या. जळकी वितळलेली रिळं कुणीतरी फेकली नाहीत, अमेरिकेत जपून ठेवली. वीस वर्षांनी बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी ती केमिकलमध्ये भिजवून मऊ केली, हातानं डिंक आणि मेण खरवडलं, तुटलेल्या कडांना नवीन कडा लावल्या. पथेर पांचालीची साधारण ४० टक्के निगेटिव्ह वापरता आली, अपूर संसारची काहीच वापरता आली नाही, तिथं दुसऱ्या देशांतल्या चांगल्या डुप्लिकेट शोधून काम केलं. २०१५ ला ते तिन्ही पिक्चर फोर-केमध्ये आले. मी पहिल्यांदा पथेर पांचाली पाहिला होता तो कॅसेटवर, त्यात पावसाचा सीन म्हणजे राखाडी पडदा होता नुसता. नवीन आवृत्तीत पाण्यावर पडणारा एकेक थेंब दिसतो. तो सीन मी तीनदा मागे घेऊन बघितला.

पण फोर-के लिहिलेलं सगळंच चांगलं असतं असंही नाही, इथं लोक फसतात. फिल्मच्या चित्रात बारीक दाणे वळवळताना दिसतात, त्याला ग्रेन म्हणतात. तो दोष नाही, ते चित्र त्याच दाण्यांचं बनलेलं आहे. काही कंपन्यांना वाटतं की ग्राहक म्हणेल हे काय रवाळ दिसून राहिलं, म्हणून सॉफ्टवेअरनं दाणे घासून टाकतात, आणि दाण्यांसोबत कातडीची छिद्रं, केसांच्या बटा, सुती कापडाचा पोत, सगळं जातं. चेहरे मेणाचे दिसायला लागतात. आता एआयनं मोठं केलेल्या आवृत्त्या येतायत, त्यात तर मशीन जे नव्हतंच ते अंदाजानं काढतं, मागच्या गर्दीतले चेहरे नीट बघा, डोळे कुठंतरी भलतीकडेच असतात. मला विचाराल तर रवाळ पण खरं चित्र कधीही चांगलं. बाबांना मी हेच दाखवलं, एका सीनवर पॉज करून टीव्हीजवळ नेलं, म्हटलं हे जे हलतंय ना ते फिल्मचं अंग आहे. त्यानंतर त्यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही.

एक विचित्र गोष्ट यातून निघते. १९७५ चा पिक्चर फोर-के होऊ शकतो, पण २००२ चा एखादा होऊ शकत नाही. ट्वेंटी एट डेज लेटर हा इंग्रजी पिक्चर त्या साली आला, तो बहुतेक सगळा साध्या मिनी डीव्ही व्हिडिओ कॅमेऱ्यावर शूट झालेला, म्हणजे आईच्या सिरीयलचीच जात, ५७६ ओळी. आणि २००० नंतर बरेच पिक्चर शूट फिल्मवर व्हायचे पण एडिटिंग, रंग, इफेक्ट हे सगळं कंप्युटरवर टू-केमध्ये, म्हणजे फोर-केच्या निम्म्या रुंदीत, पक्कं व्हायचं, त्यामुळे फोर-के डिस्क काढली तरी बहुतेक वेळा त्या टू-केचंच मोठं केलेलं चित्र असतं.

सिरीयलमध्येही नशीबवान असतात. स्टार ट्रेकची १९८७ ते ९४ ची सिरीयल, द नेक्स्ट जनरेशन, शूट ३५ मिलिमीटर फिल्मवर झाली होती पण एडिटिंग टेपवर झालं होतं, त्यामुळे प्रसारित झालेली सिरीयल धुरकट. २०१२ पासून त्यांनी गोदामातून मूळ निगेटिव्ह काढल्या, सगळं नव्यानं स्कॅन केलं, प्रत्येक भाग परत पहिल्यापासून जोडला, अंतराळयानांचे इफेक्टसुद्धा नव्यानं बसवले. खर्च इतका झाला की त्याच घराण्यातल्या लगेच पुढच्या दोन सिरीयलींना तो मान मिळालाच नाही, त्या अजून डीव्हीडीच्याच चित्रात आहेत.

आणि काहींचं तर टेपच उरलं नाही. टेप तेव्हा महाग, म्हणून पुसून त्यावर पुढचा कार्यक्रम रेकॉर्ड करायची पद्धत जगभर होती, आपल्या दूरदर्शनवरही झालं ते. बीबीसीच्या डॉक्टर हू या सिरीयलचे साठच्या दशकातले कितीतरी भाग असेच गेले. पण त्यातल्या प्रत्येक हरवलेल्या भागाचा आवाज आज शिल्लक आहे, का, तर त्या काळातल्या काही पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून घरी रेकॉर्ड केलं होतं. आणि २०१३ मध्ये ९ भाग नायजेरियात सापडल्याचं जाहीर झालं, तिकडे दाखवायला पाठवलेल्या फिल्मच्या कॉप्या तिथंच राहिल्या होत्या.

हे वाचल्यापासून मी ओळखीपाळखीत सांगत सुटलोय की माळ्यावरच्या कॅसेटी भंगारवाल्याला देऊ नका. लग्नाच्या कॅसेटीच्या शेवटी उरलेल्या जागेत कुणीतरी टीव्हीवरचं काहीतरी रेकॉर्ड केलेलं असतं, तेच कदाचित कुठंच नसेल. आपल्या नागपूरची खास अडचण म्हणजे कुलर. चार महिने घरात ओली हवा खेळते, मग लगेच पावसाळा, आणि कॅसेटींचं कपाट नेमकं कुलरच्या वाऱ्यासमोर. कॅसेटच्या खिडकीतून आत बघा, टेपच्या गुंडाळीवर पांढरी पिठासारखी बुरशी दिसली तर ती मशीनमध्ये अजिबात घालू नका, टेप तुटते आणि ती बुरशी हेडला लागून पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. चांगल्या असतील त्या पूर्ण रिवाइंड करून, पुस्तकासारख्या उभ्या, कोरड्या कपाटात ठेवा, स्पीकरच्या जवळ नको.

आणि कॉपी करायची असेल तर लवकर करा. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनं २०१६ मध्ये काम बंद केलं, आता जी मशीन आहेत ती जुनीच, दुरुस्त करणारे हातही कमी होत चाललेत. दुकानात देणार असाल तर एवढं स्पष्ट सांगा की फाईल मोठी चालेल, दाबू नका. मी पहिली कॅसेट एका ठिकाणी दिली होती, त्यांनी तीन तासांचं लग्न एक जीबीत बसवून दिलं, चेहरेच गेले. डीव्ही फॉरमॅटमध्ये तासाला साधारण १३ जीबी लागतात, लागू द्या, हार्डडिस्क आता स्वस्त आहे. चित्र जसं आहे तसं इंटरलेस ठेवूनच पहिली कॉपी काढायची, सुधारणा वगैरे दुसऱ्या कॉपीवर. आणि घरी राइट केलेल्या डीव्हीडीवर विसंबू नका, तिच्यात रंगाचा थर असतो तो उन्हानं आणि उष्णतेनं उडतो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर लवकरच. दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाबहिणीकडे द्या.

टीव्हीच्या सेटिंगबद्दल एक मिनिट, फुकटात होणारी सुधारणा आहे. नवीन टीव्हीत मोशन नावाचं काहीतरी सेटिंग चालू येतं, ते दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनानं फ्रेम घालतं, त्यामुळे पिक्चर डेली सोपसारखा गुळगुळीत पळतो. क्रिकेटला ठीक आहे. पिक्चरला बंद करा. आणि जुनी सिरीयल चौकोनीच बघा, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येऊ द्या, पूर्ण स्क्रीन भरायच्या नादात झूम केलं की डोकी आणि पाय कापले जातात. कंपन्यापण हे करतात. साइनफेल्ड या अमेरिकन विनोदी सिरीयलच्या एका भागात रस्त्यावरच्या खड्ड्यावर सगळी गोष्ट आहे, आणि २०२१ ला ती सिरीयल नेटफ्लिक्सवर रुंद करून टाकली तेव्हा एका सीनमध्ये तो खड्डाच फ्रेमच्या बाहेर गेला!

डिस्क घ्यायची का ऑनलाइन बघायचं, हेही लोक विचारतात. फोर-के डिस्कवर सेकंदाला १०० मेगाबिटच्या वरही माहिती जाऊ शकते, ऑनलाइन फोर-के साधारण १५ ते २५ मध्ये भागवतं, त्यामुळे अंधारातले सीन, धुकं, ग्रेन हे डिस्कवर जास्त नीट दिसतं. पण मला डिस्क आवडते ती वेगळ्या कारणानं, तिच्यातलं कुणी मागाहून बदलत नाही. गाण्याचे हक्क संपले म्हणून मागचं गाणंच बदलून टाकलं, असं बाहेरच्या सिरीयलींत झालेलं आहे. घेताना कव्हरवर फक्त फोर-के शोधू नका, मूळ निगेटिव्हवरून स्कॅन केलंय का, कुणाच्या देखरेखीखाली रंग केलेत, हे लिहिलंय का बघा. श्याम बेनेगलांच्या मंथनचं रिस्टोरेशन २०२४ ला कान महोत्सवात दाखवलं, ते पुण्याच्या संग्रहालयातल्या मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून झालं होतं आणि कॅमेरामन गोविंद निहलानी स्वतः त्यात होते. माहिती अशी उघड दिलेली असली की निर्धास्त घ्यावं.

आता आईच्या सिरीयलचं. तिच्यासाठी फोर-के कधीच येणार नाही हे मी तिला समजावून सांगितलं, तर ती जरा हिरमुसली. मग आठवलं की महाल भागात काकांकडे २१ इंची जुना डब्बा टीव्ही अजून आहे, चालू आहे, त्यावर टेबलक्लॉथ टाकून मूर्ती ठेवलेली. रविवारी मी आणि चुलतभावानं तो जिना उतरवून गाडीत टाकला, काय वजन असतं त्याचं, घरी आणून पिवळी-लाल-पांढरी वायर लावून डीव्हीडी प्लेअर जोडला. कंगव्याचे दात गायब. चेहरे मऊ, रंग भरलेले, कडा जिथल्या तिथं. आई सोफ्यावरून उठून जवळ येऊन खाली सतरंजीवर बसली, आम्ही लहानपणी बसायचो तेवढ्या अंतरावर, आणि म्हणाली, "हां, ही अशी होती." पहिला भाग संपल्यावर मी रिमोट घ्यायला गेलो तर म्हणाली थांब, पुढचा लाव, त्यात हिरोइनच्या सासूची एंट्री आहे.